आड रिकामा, पोहरा रिकामा: धरमपेठेतल्या एका सीए ऑफिसच्या बॅकअपचं प्रकरण

मे महिन्याचा तिसरा आठवडा होता. शनिवारी संध्याकाळी नागपुरात वादळ झालं, धरमपेठेत झाडांच्या फांद्या तारांवर पडल्या आणि लाइन गेली ती रविवारी दुपारीच आली. सोमवारी सकाळी दहा वाजून दहा मिनिटांनी माझा फोन वाजला. "सर, डेटाचं फोल्डर उघडून राहिलं, पण आत काहीच नाही जी." फोनवर धरमपेठेतल्या एका सीए ऑफिसातले जुने अकाउंटंट होते; तिथल्या सर्व्हरची देखभाल माझ्याकडे आहे. सगळे त्यांना काका म्हणतात. मी लगेच विचारलं, वर्धा रोडच्या शाखेतल्या बॅकअपच्या मशीनवर पाहिलं का? काका म्हणाले, "पाहिलं. तिथंही रिकामंच आहे."

चौथ्या तिमाहीच्या टीडीएस विवरणपत्रांची मुदत ३१ मे. हाती जेमतेम दहा-बारा दिवस, आणि दोन सर्व्हरवर मिळून एकही फाइल नाही.

हे प्रकरण मी सविस्तर लिहितो आहे, कारण अशीच मांडणी मी नागपुरातल्या आणखी कितीतरी ऑफिसांत पाहिली आहे. दोन मशीन, मधे रोज रात्री चालणारी एक स्क्रिप्ट आणि "बॅकअप आहे आमच्याकडे" हा भरवसा.

मांडणी

२३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे नागपुरात काही तासांत शंभर मिलिमीटरहून जास्त पाऊस पडला, अंबाझरी तलाव ओसंडला आणि नाग नदीच्या आसपासच्या वस्त्यांत पाणी शिरलं. हे ऑफिस तेव्हा तळमजल्यावर होतं. जमिनीवर ठेवलेल्या दोन कॅबिनेटांत चिखल गेला. त्यानंतर ऑफिस वरच्या मजल्यावर हललं आणि मोठ्या सरांनी, म्हणजे ऑफिसच्या प्रमुखांनी, ठरवलं की डेटाची दुसरी प्रत दुसऱ्या जागी हवीच. वर्धा रोडवरच्या शाखेत दुसरा सर्व्हर बसवला गेला. निर्णय अगदी योग्य होता. शिवाय त्यांच्या अशिलांत कंपन्या आहेत, आणि कंपन्यांच्या हिशेबाच्या इलेक्ट्रॉनिक वह्यांचा बॅकअप भारतातल्याच सर्व्हरवर ठेवायचा नियम ऑगस्ट २०२२ च्या दुरुस्तीनंतर "ठरावीक काळाने" वरून "रोज" असा झालेला आहे. हा नियम अशिलांना समजावून सांगणारं ऑफिस स्वतः मागे राहून चालणार नव्हतं.

धरमपेठेतल्या मुख्य सर्व्हरवर लिनक्स. एक टेराबाइटच्या दोन डिस्क एकमेकींचं प्रतिबिंब म्हणून जोडलेल्या, त्यावर सुमारे ६४० जीबी डेटा: टॅलीची फोल्डरं, एक्सेल, स्कॅन केलेले कागद, नोटिसांची उत्तरं. विंडोजच्या मशीनांना तो सांबा या फाइली वाटून देणाऱ्या सोयीमार्फत शेअर म्हणून दिसायचा. रोज रात्री दोन वाजता क्रॉनमधून (ठरल्या वेळी काम सुरू करणारी लिनक्सची सोय) आरसिंक हे फाइलींची प्रत करणारं साधन चालायचं आणि सगळं वर्धा रोडला जायचं. पहाटे मोठ्या सरांना आणि मला मेल यायचा: बॅकअप यशस्वी.

स्क्रिप्ट मी लिहिलेली नव्हती. पण देखभाल माझ्याकडे येऊन चार महिने झाले होते आणि तेवढ्या काळात मी ती एकदाही उघडून वाचली नव्हती. मेल रोज येत होता म्हणून मी निर्धास्त राहिलो. ही चूक माझी आहे आणि मी ती मोठ्या सरांना त्याच दिवशी सांगितली.

पहिला तास

अशा वेळी हात शिवशिवतात. काहीतरी करून पाहावं, मशीन बंद-चालू करावं असं वाटतं. मी गाडी काढण्याआधी फोनवरच काकांना दोन गोष्टी सांगितल्या: सगळ्यांना शेअरवर काहीही सेव्ह करायचं थांबवा, आणि दोन्ही सर्व्हरना हात लावू नका. घरूनच लॉगिन करून दोन्हीकडचा क्रॉन बंद केला आणि वर्धा रोडची डेटा डिस्क केवळ-वाचन स्थितीत नेऊन ठेवली. ईएक्सटी४ या लिनक्सच्या फाइल सिस्टिमवर (डिस्कवर फाइली मांडून ठेवण्याची पद्धत) फाइल पुसली की तिचे तुकडे डिस्कवर कुठे होते याची नोंदही जाते. नंतर फाइली शोधणारी साधनं चालवली तर बहुतेक वेळा नाव नसलेल्या, फोल्डर नसलेल्या फाइलींचा ढीग हाती येतो. त्यातही जिथे नवं काही लिहिलं गेलं तिथलं जुनं कायमचं संपतं. म्हणून आधी लिहिणं थांबवायचं, मग विचार करायचा.

ऑफिसात पोचल्यावर मुख्य सर्व्हरवर डिस्कच्या वापराचा हिशेब पाहिला. डेटाच्या फोल्डरच्या जागी एक टेराबाइटची डिस्क दिसायला हवी होती, ती नव्हतीच. फोल्डर होतं, पण ते ऑपरेटिंग सिस्टिमच्या छोट्या डिस्कवरचं रिकामं फोल्डर होतं. डेटाची डिस्क माउंट झालेली, म्हणजे त्या फोल्डराला जोडली गेलेली, नव्हती.

माझ्या जिवात जीव आला. डेटा पुसला गेलेला नव्हता, फक्त दार उघडलेलं नव्हतं. निदान धरमपेठेत तरी.

दोन्ही ठिकाणी एकदम कसं गेलं

नोंदी वाचत गेलो तसा घटनाक्रम उलगडला. शनिवारी संध्याकाळी लाइन गेली तेव्हा यूपीएसने पाच मिनिटंही तग धरला नाही. सर्व्हर ज्या खोलीत आहे तिथे कूलर आहे, पण रात्री आणि रविवारी तो बंद असतो. नागपूरच्या मे महिन्यात बंद खोलीत यूपीएसच्या बॅटऱ्या किती लवकर दम सोडतात हे इथे राहणाऱ्याला सांगायला नको. बॅटरी संपत आली की सर्व्हरला नीट बंद व्हायला सांगणारी यूएसबी केबल यूपीएसबरोबर येते. ती त्याच कपाटात, यूपीएसच्या खोक्यात, न फोडलेल्या प्लास्टिकच्या पिशवीत मला सापडली. सर्व्हर धाडकन बंद पडला होता.

रविवारी लाइन आली आणि सर्व्हर आपोआप सुरू झाला. सुरू होताना त्याने डेटाची फाइल सिस्टिम तपासली, त्यात अशी विसंगती निघाली की स्वयंचलित दुरुस्तीने हात टेकले. माणसाने बसून तपासणी चालवा, असा संदेश नोंदीत होता. एरवी सर्व्हर इथे अडून राहिला असता आणि सोमवारी पहिल्या माणसाच्या लक्षात आलं असतं. पण एफएसटॅबमध्ये (सुरू होताना कोणत्या डिस्क जोडायच्या त्याची यादी) त्या डिस्कपुढे "नोफेल" लिहिलेलं होतं, म्हणजे ही डिस्क जोडली गेली नाही तरी पुढे चल. सर्व्हर पुढे चालला आणि रिकामं फोल्डर शेअर करून बसला. प्रतिबिंब म्हणून जोडलेल्या दोन डिस्कचा इथे काही उपयोग झाला नाही. एक डिस्क मेली तर दुसरी कामाला येते, पण फाइल सिस्टिममधला बिघाड दोन्हींवर सारखाच उतरतो.

मग सोमवारची पहाट, दोन वाजता. आरसिंकला "डिलीट" हा पर्याय दिलेला होता: मूळ जागी जे नाही ते प्रतीतूनही काढून टाक. मूळ जागी काहीच नव्हतं. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार.

आरसिंक या बाबतीत अगदी बेफिकीर आहे असंही नाही. मूळ जागेवरून वाचताना चूक आली, डिस्कने उत्तर दिलं नाही, तर ते त्या फेरीत पुसण्याचं काम आपणहून टाळतं. पण इथे कसलीच चूक आली नाही. फोल्डर होतं, वाचता येत होतं, आणि रिकामं होतं. आरसिंकच्या दृष्टीने कोणीतरी ६४० जीबी मुद्दाम पुसले होते आणि प्रतीने तसंच वागायचं होतं.

ती रात्रीची नोंद मी पूर्ण वाचली. "पुसत आहे" अशा ओळी, एका ओळीत एक फाइल, अशिलाच्या नावाचं फोल्डर, त्यात वर्ष, त्यात फाइल. हजारो ओळी. शेवटी परतीचा क्रमांक शून्य, म्हणजे सर्व सुरळीत. त्या शून्यावर विसंबून स्क्रिप्टने पहाटे मेल पाठवला होता: बॅकअप यशस्वी. काका माझ्या मागे उभे राहून वाचत होते. त्यांनी चष्मा काढला आणि खुर्चीवर बसले.

सिंक आणि बॅकअप या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मला त्या नोंदीइतकं कशानेच पटलेलं नाही. सिंक मुळाचं ऐकतं. मुळात चूक झाली की ती चूक इमानेइतबारे दुसरीकडे नेतं, आणि जितकं चांगलं चालतं तितक्या लवकर नेतं. बॅकअपने मुळाचं ऐकायचं नसतं. काल काय होतं ते आज कोणीही काहीही म्हटलं तरी त्याने धरून ठेवायचं असतं. त्या ऑफिसात दुसरी जागा होती, दुसरं मशीन होतं, पण कालचा दिवस कुठेच नव्हता.

काय परत आलं

मूळ डिस्कवर थेट दुरुस्ती चालवायची नाही, हे मी ठरवूनच गेलो होतो. बर्डीवरून नवी डिस्क आणली. जोडीतल्या निरोगी डिस्कची डीडीरेस्क्यू या साधनाने अक्षरशः प्रत काढली, त्याला अडीच तास लागले, आणि दुरुस्ती त्या प्रतीवर केली. ती बिघडली असती तर मूळ जसंच्या तसं शिल्लक होतं. संध्याकाळी सातच्या सुमाराला फोल्डरं दिसू लागली. जवळजवळ सगळं आलं. दोनशेच्या वर फाइली नावं हरवून "लॉस्ट-अँड-फाउंड" मध्ये नुसत्या आकड्यांच्या नावाने पडल्या होत्या. त्या पुढचे दोन दिवस ऑफिसातल्यांनी उघडून-उघडून ओळखल्या.

तेव्हाच एक मुलगी माझ्याकडे आली. ती तिथे आर्टिकलशिप, म्हणजे सीए होण्यासाठीची उमेदवारी, करते. म्हणाली, "सर, सकाळी मी एक फाइल केली होती. तुमचा निरोप यायच्या आधी सेव्ह केली. आता सगळं आलं, पण माझी तेवढी दिसत नाही." तिची फाइल गेलेली नव्हती. सकाळी फोल्डर रिकामं दिसलं तरी त्यात लिहिता येत होतं, म्हणून ती फाइल ऑपरेटिंग सिस्टिमच्या डिस्कवर त्या रिकाम्या फोल्डरात गेली. आम्ही डेटाची डिस्क त्यावर माउंट केली आणि ती खाली झाकली गेली, सतरंजीखाली कागद राहावा तशी. ऑपरेटिंग सिस्टिमची डिस्क दुसऱ्या ठिकाणी जोडून पाहिल्यावर तिची फाइल आणि आणखी चार जणांच्या सात फाइली तिथे सापडल्या. तिने विचारलं नसतं तर त्या आठ फाइली तिथेच राहिल्या असत्या. पुन्हा असं होऊ नये म्हणून आता त्या रिकाम्या फोल्डरावर "बदलता न येणारे" असा गुणधर्म लावला आहे. डिस्क जोडलेली नसेल तर तिथे कोणालाही काही लिहिता येत नाही, लगेच चूक दिसते.

काकांच्या कपाटात एक बाह्य डिस्क होती. त्यांना कोणी सांगितलं नव्हतं, पण ते महिन्यातून एक-दोनदा शाखेत गेले की तिथल्या मशीनला ती लावून सगळी प्रत घेऊन यायचे. शेवटची प्रत ११ दिवसांपूर्वीची. मुख्य डिस्क परत आली नसती तर त्या डिस्कवरच ऑफिस उभं राहिलं असतं.

चाळीस फाइली

परत आलेला डेटा बरोबर आहे की नाही हे ठरवायला मी तो काकांच्या डिस्कशी ताडून पाहिला. आरसिंक एरवी फाइल बदलली की नाही हे फक्त आकार आणि बदलाची वेळ पाहून ठरवतं. मी "चेकसम" पर्यायाने, आणि काहीही न बदलणाऱ्या "ड्राय-रन" मध्ये, आतला मजकूर ताडायला लावला. गेल्या ११ दिवसांत बदललेल्या फाइली वेगळ्या निघणारच होत्या. पण चाळीसेक फाइली अशा निघाल्या की ज्यांना त्या अकरा दिवसांत कोणी हातही लावलेला नव्हता, आणि तरी बाह्य डिस्कवरची त्यांची प्रत जुनी होती.

मुख्य सर्व्हरवर त्या सगळ्या फाइलींची तारीख काही वर्षांपूर्वीच्या १ जानेवारीची होती. एकीत तर यंदाच्या जीएसटीचे आकडे होते. त्या तारखेवरून उलगडा झाला. हिवाळ्यात ऑफिसचं रंगकाम निघालं तेव्हा सर्व्हर दोन दिवस पूर्ण बंद, वायर काढून ठेवला होता. मदरबोर्डवरचा छोटा सेल संपलेला होता, त्यामुळे सुरू होताना घड्याळ कितीतरी मागे गेलं, आणि नेटवरून वेळ जुळवणारी सेवा चालू नव्हती. कोणाच्या तरी लक्षात आलं आणि तीन दिवसांनी वेळ हाताने लावली गेली. त्या तीन दिवसांत सेव्ह झालेल्या फाइलींवर जुनी तारीख बसली. स्क्रिप्टमध्ये "अपडेट" हा पर्याय होता, म्हणजे प्रतीतली फाइल तारखेने नवी असेल तर तिला हात लावू नको. आरसिंकने रोज रात्री या चाळीस फाइली पाहिल्या, प्रतीतली जुनी आवृत्ती तारखेने नवी दिसली, आणि रोज त्या सोडून दिल्या. कित्येक महिने. एकही चूक नोंदवली गेली नाही, कारण आरसिंकने सांगितलं तसंच केलं होतं.

"अपडेट" दोन्हीकडून बदल होणाऱ्या ठिकाणी कधीकधी लागतो. बॅकअपमध्ये त्याला जागा नाही. तो काढला, सेल बदलला, आणि दोन्ही सर्व्हर राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेच्या वेळेशी जोडले. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांत घड्याळं राष्ट्रीय माहिती विज्ञान केंद्राच्या (एनआयसी) किंवा या प्रयोगशाळेच्या वेळेशी जुळवलेली असावीत आणि नोंदी १८० दिवस ठेवाव्यात असं आहे. मी तो नियम कागदी समजत होतो. चुकीच्या घड्याळामुळे डेटा कसा मागे राहतो हे समोर पाहिल्यावर त्यामागचं कारण कळलं.

कुलपं

दुरुस्तीच्या ओघात सुरक्षेकडे पाहिलं आणि वादळापेक्षा मोठी भीती वाटली. मुख्य सर्व्हरच्या रूट या सर्वाधिकारी खात्यात पासफ्रेज (लांब पासवर्ड) नसलेली एक एसएसएच किल्ली (दूरच्या मशीनवर लॉगिन करायची फाइल) होती, आणि त्या किल्लीने वर्धा रोडच्या सर्व्हरवर रूट म्हणून काहीही करता येत होतं. याचा अर्थ असा की कोणा एका विंडोज मशीनवरून रॅन्समवेअर (डेटा कुलूपबंद करून खंडणी मागणारा प्रोग्राम) शिरून मुख्य सर्व्हरपर्यंत पोचलं असतं तर बॅकअपची किल्ली त्याला तिथेच टांगलेली मिळाली असती. शाखेच्या राउटरवर एसएसएचचं २२ नंबरचं पोर्ट जगाला उघडं होतं, आणि पासवर्ड आजमावणाऱ्यांच्या ओळींनी नोंदी भरल्या होत्या. त्यावर आणखी एक: ८७३ नंबरच्या पोर्टवर आरसिंकचा डीमन (मागे सतत चालणारी सेवा) चालू होता, बिनापासवर्डचा, कधीकाळी घरून फाइली घेण्यासाठी उघडलेला. त्यावरून जाणारा डेटा एन्क्रिप्टही होत नाही. अशिलांचे पॅन, आधार, बँक खात्यांचे उतारे त्या वाटेने गेले असतील. जानेवारी २०२५ मध्ये याच डीमनमधली सीव्हीई-२०२४-१२०८४ ही गंभीर त्रुटी जाहीर झाली होती, ३.४.० आवृत्तीत ती दुरुस्त झाली. इथली आवृत्ती ३.२.७ होती. डेबियन आणि उबुंटूसारखे जुन्या क्रमांकावरही दुरुस्ती बसवून देतात, म्हणून नुसता आकडा पाहून घाबरायचं किंवा निर्धास्त व्हायचं नसतं, पॅकेजची बदलनोंद वाचावी लागते. ती वाचली. दुरुस्ती बसलेली नव्हती, कारण सर्व्हर वर्षभर अद्ययावतच केलेला नव्हता.

डीमन त्याच मिनिटाला बंद केला आणि दोन्ही राउटरवरची उघडी पोर्टं मिटवली. दोन्ही जागा आता वायरगार्ड या व्हीपीएनच्या एन्क्रिप्टेड बोगद्याने जोडल्या आहेत, एसएसएच फक्त त्या बोगद्यातून चालतं आणि पासवर्डने लॉगिन होत नाही.

सगळ्यात महत्त्वाचा बदल दिशेचा. आधी मुख्य सर्व्हर डेटा ढकलायचा. आता वर्धा रोडचा सर्व्हर येऊन ओढून नेतो. मुख्य सर्व्हरकडे शाखेची कुठलीच किल्ली नाही, त्यामुळे धरमपेठेत कोणी शिरलं तरी जुन्या प्रतींपर्यंत त्याचा हात पोचत नाही. उलट बाजूने शाखेची जी किल्ली धरमपेठेत चालते ती एका साध्या खात्याची आहे, आणि तिच्या ओळीपुढे "रिस्ट्रिक्ट" (बाकीच्या सवलती बंद), ठरलेला नेटवर्क पत्ता आणि ठरलेली आज्ञा लिहिलेली आहे. आज्ञा म्हणजे आरसिंकबरोबरच येणारी आरआरसिंक ही छोटी स्क्रिप्ट, एकाच फोल्डरापुरती, केवळ वाचण्यापुरती. त्या किल्लीने शेल (आज्ञा टाइप करायची जागा) मिळत नाही, दुसरं फोल्डर दिसत नाही, काही पुसता येत नाही. वाचता मात्र सगळं येतं, म्हणून शाखेची डिस्क एन्क्रिप्ट केली आहे. तिचा पासफ्रेज दोन बंद पाकिटांत आहे, एक मोठ्या सरांच्या घरी आणि एक बँकेच्या लॉकरमध्ये.

नवी घडी

प्रत्येक रात्रीचं आता वेगळं फोल्डर बनतं, तारखेच्या नावाचं. आरसिंकच्या "लिंक-डेस्ट" पर्यायामुळे जी फाइल कालच्यापासून बदलली नाही ती पुन्हा साठवली जात नाही, कालच्याच फाइलीला आजच्या फोल्डरातून हार्ड लिंक (त्याच फाइलीचं दुसरं नाव) जोडली जाते. प्रत्येक फोल्डर उघडलं की पूर्ण दिसतं, जागा मात्र बदललेल्या फाइलींपुरतीच लागते. या ऑफिसात रोज तीन ते चार जीबी बदलतं, तेव्हा ३० दिवस ठेवायला मूळ ६४० वर साधारण ९० ते १२० जीबी. एक काळजी घ्यावी लागते: लिंक केलेली फाइल कोणी जागच्या जागी बदलली तर ती सगळ्या तारखांत बदलते. म्हणून ती फोल्डरं कोणालाही लिहिण्यासाठी उघडी नाहीत, मलाही रोजच्या खात्यातून नाहीत.

पहिली पूर्ण प्रत नेटवरून पाठवली नाही. २० एमबीपीएसच्या अपलोडवर ६४० जीबीला तीन दिवस लागले असते, तेही लाइन न जाता. डिस्कवर दोन तासांत उतरवली, एन्क्रिप्ट करून स्कूटरच्या डिकीत घालून शाखेत नेली, आणि मग रोजचा फरक बोगद्यातून येऊ लागला.

स्क्रिप्ट सुरुवातीलाच पाहते की डेटाची डिस्क खरंच माउंट आहे का, आणि तिच्यावर मुद्दाम ठेवलेली एक खुणेची फाइल दिसते का. दिसली नाही तर ती पुढे जात नाही, आरडाओरडा करते. आदल्या दिवशीच्या तुलनेत पाचशेहून जास्त फाइली नाहीशा असतील तरी ती थांबते आणि माणसाला विचारते.

यशाचा मेल मी बंद केला. त्याऐवजी काम पूर्ण झालं की सर्व्हर बाहेरच्या एका पहारेकरी सेवेला खूण पाठवतो, आणि सकाळी सातपर्यंत खूण पोचली नाही तर माझा आणि काकांचा फोन वाजतो. अपयशाचा निरोप अपयशी यंत्रणेनेच पाठवावा ही अपेक्षा चुकीची आहे. ३१ जानेवारी २०१७ ला गिटलॅबमध्ये हेच घडलं. चुकून मुख्य डेटाबेस पुसला गेला, बॅकअप पाहायला गेले तर डेटाबेसच्या आवृत्तीशी न जुळणाऱ्या साधनामुळे तो होतच नव्हता, आणि तसं कळवणारे मेल नाकारले जात होते. त्यांनी सगळा प्रकार खुलेपणाने लिहून ठेवला, त्यामुळे आपल्याला तो माहीत आहे.

एफएसटॅबमधलं "नोफेल" मी काढलं. डिस्क जोडली गेली नाही तर सर्व्हर अडला पाहिजे आणि ऑफिसचं काम थांबलं पाहिजे, हे मोठ्या सरांशी बोलून ठरवलं. दहा मिनिटं विचार करून ते म्हणाले, "थांबू द्या. रिकामं चालण्यापेक्षा बरं." यूपीएसच्या बॅटऱ्या बदलल्या आणि ती यूएसबी केबल पिशवीतून काढून जोडली.

काकांचं रजिस्टर

महिन्याच्या पहिल्या शनिवारी आता ऑफिसात तालीम होते. कोणीतरी एक फाइल सुचवतं, कोणी एक तारीख, आणि काका ती शाखेच्या प्रतीतून परत आणून उघडून दाखवतात. काका एका जाड रजिस्टरात नोंद करतात: तारीख, फाइल, कोणत्या दिवसाची प्रत, किती मिनिटं लागली, उघडली का, सही.

जूनची नोंद निळ्या शाईत आहे. एक्सेलची फाइल, सहा मिनिटं, उघडली. जुलैची लाल शाईत आहे. त्या वेळी एका अशिलाचं टॅलीचं अख्खं फोल्डर मागितलं होतं. फोल्डर आलं, फाइली पूर्ण होत्या, आकार जुळत होते, आणि टॅलीने ते उघडायला नकार दिला. त्या रात्री कोणाच्या तरी मशीनवर ती कंपनी उघडी राहिली होती. आरसिंकने एक फाइल दोन वाजता उचलली आणि दुसरी त्यानंतर काही मिनिटांनी, मधल्या वेळात टॅलीने त्यात लिहिलं असावं, आणि दोघींचा मेळ बसला नाही. मी स्नॅपशॉटचा (सगळ्या डिस्कची एकाच क्षणाची प्रत) विचार केला, पण स्नॅपशॉटही उघड्या फाइलींना मधेच गोठवतो, लाइन गेल्यासारखा. शेवटी काकांनीच तोडगा काढला. रोज संध्याकाळी साडेसातला ते सगळ्यांना टॅली बंद करायला लावतात, टॅलीच्या स्वतःच्या सोयीने बॅकअप घेतात, आणि रात्री ती बंद फाइल शाखेत जाते. त्याशिवाय रात्री दोनला सांबावर कोणाची फाइल उघडी असेल तर तिचं नाव सकाळी काकांच्या फोनवर येतं.

ऑगस्टच्या पहिल्या शनिवारी त्यांनी तेच फोल्डर पुन्हा मागवलं. रजिस्टरात निळ्या शाईत लिहिलं आहे: टॅली, ३० जुलैची प्रत, चौदा मिनिटं, उघडली, ताळेबंद जुळला. खाली काकांची सही आणि शेजारी त्या आर्टिकलशिपच्या मुलीची. पुढच्या महिन्याची तालीम ती करणार आहे.